घरी दिलेले रक्त आणि थायरॉइडचा रिपोर्ट : वाचकांचे प्रश्न

थायरॉइडच्या रक्ततपासणीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे घरी केलेल्या तपासणीविषयीच आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक वाटतो. ‘घरी तपासणी केली’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतो. पहिल्या प्रकारात तंत्रज्ञ घरी येऊन दंडाला पट्टा बांधतो, शिरेतून रक्त घेतो आणि ते लॅबमध्ये नेतो. येथे फक्त रक्त घरी काढलेले असते, तपासणी लॅबमधल्या यंत्रावरच होते. दुसऱ्या प्रकारात आपणच बोट टोचून काही थेंब लहान नळीत किंवा जाड कागदावर घेतो आणि टपालाने पाठवतो; ही पद्धत परदेशात राहणाऱ्या वाचकांच्या अधिक परिचयाची आहे. तिसऱ्या प्रकारात पट्टीवर थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटण्याची वाट पाहायची असते. या तिन्हींची विश्वासार्हता सारखी नाही, त्यामुळे उत्तरेही वेगवेगळी आहेत. पत्रांत वारंवार येणारे टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक आहे; ग्रंथी मंदावली की ते वाढते. टी-३ आणि टी-४ (थायरॉक्सिन) ही ग्रंथीची स्वतःची संप्रेरके, आणि फ्री टी-४ म्हणजे रक्तात मोकळे असलेले टी-४. वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि लांबलचक पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी लॅबमध्ये जाऊन थायरॉइडची तपासणी केली होती. दुपारचे जेवण करून गेले होते. तेव्हा टीएसएच ४.६ आले. या महिन्यात मोबाइलवरून नोंदणी केली आणि सकाळी साडेसहाला मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. टी-३ आणि टी-४ ठीक आहेत, पण टीएसएच ६.३ असून ते ठळक अक्षरांत छापले आहे. त्या मुलाने आमच्या घरातील तिघांचे रक्त घेतले आणि नावांच्या चिठ्ठ्या खाली जिन्यात उभे राहून लावल्या, हे मी गॅलरीतून पाहिले. अशा रक्तावर विश्वास ठेवावा का? (गृहिणी, वय ४३, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट टीएसएचचा आकडा नाही, ती जिन्यातली चिठ्ठी आहे. लॅबच्या कामात चुका होतात त्यातील बहुसंख्य यंत्रावर होत नाहीत. नळी यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच त्या झालेल्या असतात. एका घरातील तीन नळ्या, तिघांचे आडनाव एकच, टोपणांचा रंग एकच, आणि चिठ्ठी नंतर आठवणीने लावलेली, असे असेल तर तो रिपोर्ट तुमचा आहे की सासूबाईंचा, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. लॅबला फोन करून ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी आणि तिघांचेही रक्त पुन्हा घेण्याचा आग्रह धरावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. जबाबदार लॅब अशी तक्रार लिहून घेते आणि पुन्हा रक्त घेण्याचे पैसे मागत नाही.

पुढच्या वेळी तंत्रज्ञ दारात आला की या गोष्टी पाहाव्यात. त्याने तुमचे पूर्ण नाव आणि वय तुमच्या तोंडून वदवून घेतले पाहिजे. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारून मान डोलावून घेणे पुरेसे नाही, कारण सकाळच्या गडबडीत माणूस कशालाही हो म्हणतो. सुईचे वेष्टन तुमच्यासमोर फोडले पाहिजे. दंडाचा पट्टा मिनिटभराहून अधिक काळ आवळून ठेवू नये. नळी भरल्यावर ती चार-पाच वेळा हलकेच उलटसुलट करावी, खडखडा हलवू नये, आणि नाव किंवा बारकोड असलेली चिठ्ठी तुमच्या खुर्चीजवळच लावावी. थायरॉइडसाठी साधारणपणे पिवळ्या टोपणाची, तळाशी जेल असलेली नळी वापरतात. मधुमेहाच्या साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी वेगळी लागते.

घरी रक्त काढले म्हणून टीएसएच बिघडते का, तर सहसा नाही. टीएसएच हे बऱ्यापैकी दणकट संप्रेरक आहे. नळी लॅबमध्ये पोहोचायला दोन-तीन तास लागले तरी त्याच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. पोटॅशियमचे तसे नसते. रक्त यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्या नाहीत आणि ते तसेच राहिले तर पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा उगाच वाढलेला दिसतो. म्हणूनच घरी रक्त देण्यासाठी थायरॉइड ही त्यातल्या त्यात सोयीची तपासणी आहे, असे माझे मत आहे.

आता ४.६ आणि ६.३ यांतील फरकाविषयी. टीएसएच दिवसभर सारखे राहत नाही. मध्यरात्रीनंतर ते सर्वाधिक असते, पहाटेपर्यंत बऱ्यापैकी चढलेले राहते आणि दुपारी उतरते. जेवणानंतरही ते थोडे खाली येते. तुमचा जुना आकडा दुपारचा, जेवणानंतरचा आहे आणि नवा भल्या सकाळचा, उपाशीपोटीचा आहे. शिवाय दोन लॅबमधली यंत्रे वेगळी असणार. एकाच माणसाचे टीएसएच आजार नसतानाही सुमारे ४० टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकते. त्यामुळे या दोन आकड्यांवरून ‘थायरॉइड वाढला’ असा निष्कर्ष काढता येत नाही. (‘मला थायरॉइड निघाला’ असेही पुष्कळ जण म्हणतात. थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, प्रत्येकाच्याच गळ्यात असते. निघतो तो तिचा विकार.)

टी-४ योग्य पातळीत आणि टीएसएच किंचित वाढलेले, अशी स्थिती असेल तर दोन-तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळच्याच वेळी पुन्हा तपासणी करतात आणि सोबत अँटी-टीपीओ नावाच्या प्रतिपिंडांची चाचणी जोडतात. ही प्रतिपिंडे आढळली तर पुढे ग्रंथी मंदावण्याची शक्यता अधिक असते. पुनर्तपासणीत अनेकांचे टीएसएच आपोआप मर्यादेत आलेले दिसते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय ७१. सवलतीत मिळाले म्हणून सत्तरहून अधिक चाचण्यांचे पॅकेज घेतले. प्रकृतीची कोणतीही तक्रार नव्हती. टीएसएच ६.१ आले. ओळखीच्या औषध दुकानदाराने ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला सांगितले आहे. करावी का? (रत्नागिरी)

उत्तर : करू नये. आपण गणित शिकवले असो वा नसो, हा हिशेब आपल्याला पटेल. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली मर्यादा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक जीत बसतात ती मर्यादा असते. म्हणजे उरलेले पाच टक्के निरोगी असूनही तिच्याबाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सत्तर चाचण्यांचे पॅकेज घेणाऱ्याचे सगळे आकडे साध्या अक्षरांत आले, तर खरे आश्चर्य त्याचे मानले पाहिजे.

दुसरे असे की, वय वाढते तसे टीएसएच थोडे वर सरकते. सत्तरीच्या पुढे ६ किंवा ७ हा आकडा अनेकदा वयाला धरून असतो, पण लॅबच्या कागदावर तिशीतल्या माणसाला आणि सत्तरीतल्या माणसाला एकच मर्यादा छापलेली असते. गरज नसताना घेतलेली थायरॉक्सिनची गोळी या वयात निरुपद्रवी नसते. मात्रा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे विरळ होतात. टीएसएच १० च्या वर गेले, तर उपचारांचा विचार गांभीर्याने करतात. त्याखाली लक्षणे, हृदयाची स्थिती आणि पुनर्तपासणीचा आकडा पाहून डॉक्टर ठरवतात. आपण दोन-तीन महिन्यांनी फक्त टीएसएच आणि फ्री टी-४ या दोनच चाचण्या कराव्यात. पॅकेज नको.

प्रश्न : मी मूळची पुण्याची असून गेली सात वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. थकवा आणि केस गळणे यासाठी बोट टोचून रक्त पाठवण्याचे कीट मागवले. दोनदा ‘नमुना खराब’ असा निरोप आला. तिसऱ्या वेळी टीएसएच ०.१५ आणि फ्री टी-४ २६ आले; थायरॉइड जास्त काम करत असल्याची शक्यता आहे, असे लिहिले होते. पण मला तर उलट थंडी वाजते. पुण्यात आईचे फ्री टी-४ १.२ आहे आणि माझे २६, हे पाहून घरातले सगळे घाबरले आहेत. केसांसाठी पाच हजार मायक्रोग्रॅम बायोटिनच्या गोळ्या रोज घेते, आणखी कोणतेही औषध नाही. (वय ३६)

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, तुम्ही ते जाता जाता लिहिले असले, तरी मी सुरुवात तेथूनच करते.

बायोटिन हे ब-गटातील जीवनसत्त्व आहे. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते. तुम्ही त्याच्या दीडशेपटीहून अधिक घेत आहात. ते शरीराला सहसा इजा करत नाही, मात्र लॅबच्या यंत्राला चकवते. संप्रेरके मोजण्याच्या अनेक पद्धतींत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचे प्रथिन यांच्या घट्ट जोडीचा उपयोग गळासारखा केलेला असतो. रक्तातच भरपूर बायोटिन असेल, तर गळ आधीच अडकून पडतो. त्यामुळे टीएसएच खोटेच कमी दिसते आणि फ्री टी-४ खोटेच जास्त दिसते, म्हणजे कागदावर हुबेहूब अतिक्रियाशील थायरॉइडचे चित्र तयार होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी जाहीर इशारा दिला होता. सगळीच यंत्रे फसतात असे नाही, पण तुमची लक्षणे आणि तुमचा रिपोर्ट यांचा मेळ बसत नाही, हे पाहता मला प्रथम हाच संशय येतो.

बायोटिन बंद करून निदान दोन दिवस, शक्य असेल तर आठवडाभर जाऊ द्यावे आणि मग आपल्या जीपींकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाऊन शिरेतून रक्त द्यावे. बायोटिन घेत होते, हे त्यांना आवर्जून सांगावे. माझा संशय खरा ठरेलच असे मात्र गृहीत धरू नये. छातीत धडधडणे, हाताला कंप, अकारण वजन उतरणे यांपैकी काही असेल, तर थांबू नये. पुढे थायरॉक्सिनची गोळी खरोखरच लागली, तर इंग्लंडमध्ये त्या रुग्णांना सूट-प्रमाणपत्र मिळते आणि औषधांचे शुल्क भरावे लागत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आईच्या १.२ ची आणि तुमच्या २६ ची तुलना मुळातच होऊ शकत नाही. भारतात फ्री टी-४ नॅनोग्रॅममध्ये, दर डेसिलिटरला मोजतात. तुमच्याकडे पिकोमोलमध्ये, दर लिटरला. भारतातील आकड्याला १२.८७ ने गुणले की तुमच्याकडचा आकडा मिळतो. म्हणजे आईचे १.२ तुमच्या मापात सुमारे १५.४ होतात. टीएसएचबाबत हा घोळ नाही. एककाचे नाव दोन्हीकडे वेगळे छापलेले दिसले, तरी आकडा तोच राहतो.

आता दोनदा खराब झालेल्या नमुन्याविषयी. बोट दाबून-पिळून रक्त काढले की तांबड्या पेशी फुटतात, सोबत ऊतींतले पाणी मिसळते, आणि लॅबला मिळतो तो लालसर पाण्यासारखा द्रव. रक्त घेण्यापूर्वी हात दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात धरावा, पूर्ण कोरडा करावा आणि खांद्यापासून खाली सोडून थोडा झुलवावा. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, पण मधोमध नव्हे, जरा कडेला टोचावे. पहिला थेंब पुसून टाकावा. त्यानंतरचे थेंब आपोआप पडू द्यावेत. ओघ थांबला तर तळहाताकडून बोटाकडे हलकेच हात फिरवावा, टोकाशी चिमटा घेऊ नये. इतक्याने नळी रेघेपर्यंत भरली नाही, तर दुसरे बोट टोचावे. नमुना सोमवार ते बुधवारच्या दरम्यान टपालात टाकावा, म्हणजे तो शनिवार-रविवार पेटीत पडून राहत नाही.

कागदावर थेंब घेण्याची पद्धत काही हलक्या दर्जाची नव्हे. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले थेंब अशाच जाड कागदावर वाळवून जन्मजात थायरॉइडदोष शोधतात, आणि गोव्यात सरकारी पातळीवर ही तपासणी २००८ साली सुरू झाली होती. फरक इतकाच की, तिथे टाच टोचणारा हात सरावलेला असतो.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या पट्टीवर एकच रेघ आली. म्हणजे थायरॉइड नाही, असे समजू का? (वय २७, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. या पट्ट्या साधारणपणे टीएसएच ५ च्या वर आहे की नाही, एवढेच सांगतात. पहिली रेघ पट्टी चालते आहे, इतकेच दाखवते. दुसरी रेघ उमटली तर आकडा साडेपाच आहे की पंचावन्न, हे कळत नाही. नाही उमटली तर ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत आहे का, हेही कळत नाही, कारण त्या विकारात टीएसएच कमी होते आणि पट्टीला कमी दिसत नाही. दुसरी रेघ पुसट आली की घरातली तीन माणसे खिडकीपाशी नेऊन तिचे तीन अर्थ लावतात, ते वेगळेच. दुसरी रेघ आली तरी लॅबमध्ये जावे लागणार आणि लक्षणे असतील तर ती न येताही जावे लागणार. मग त्या पट्टीवर पैसे का घालवावेत?

प्रश्न : सहा वर्षांपासून ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. आता घरी रक्त घ्यायला येतात म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी करते आणि आकड्याप्रमाणे गोळी कधी अर्धी, कधी दीड घेते. तरी टीएसएच कधी २, कधी ९ येते. गोळी पहाटेच्या चहाबरोबर न चुकता घेते. कॅल्शियमची गोळी नाश्त्यानंतर घेते. (वय ५२, नाशिक)

उत्तर : आकडा हलतो म्हणून तुम्ही गोळी बदलता, असे तुम्हाला वाटते. वस्तुतः तुम्ही गोळी बदलता म्हणून आकडा हलतो.

थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा आहे, म्हणजे आज शरीरात असलेले औषध निम्म्यावर यायला आठवडा लागतो. मात्रा बदलल्यावर रक्तातील टी-४ स्थिरावण्यास आणि त्याची दखल घेऊन टीएसएच जागेवर येण्यास साधारण सहा आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी येणारा आकडा अर्धवट शिजलेल्या डाळीसारखा असतो. त्याची चव पाहून मीठ-तिखट घालू नये. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी, आणि आकडा एकदा स्थिरावला की सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा पुरे. मात्रा कोणती, हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्यावे. गोळी चाकूने अर्धी करताना दोन तुकडे सारखे होतात, असेही नाही.

गोळी घेण्याची वेळ पहाटेची आहे, ते चांगलेच आहे. पण ती चहाबरोबर नको. साध्या पाण्याबरोबर, अनशापोटी घ्यावी आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने करावा. कॅल्शियम आणि लोह या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. तुमचे कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर न्यावे. बाटली कोठे ठेवता, हे तुम्ही लिहिलेले नाही. पुष्कळ घरांत ती गॅसच्या ओट्यावर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते, म्हणजे सकाळी विसरायला होत नाही. वाफ आणि उष्णता या दोन्हींनी हे औषध कमजोर होते. ती कोरड्या, थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवावी.

रक्त द्यायचे त्या सकाळी आधी रक्त द्यावे आणि गोळी त्यानंतर घ्यावी, कारण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ चढलेले दिसते. थायरॉइडसाठी उपाशी राहणे बंधनकारक नाही. दर वेळी वेळ एकच ठेवणे अधिक उपयोगाचे.

हे तुम्हाला उद्देशून नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. टीएसएच खूप वाढलेले आणि फ्री टी-४ मात्र उत्तम, असा रिपोर्ट पाहिला की लॅबमधले आम्ही एकमेकांकडे पाहतो. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधीचे चार दिवस इमानेइतबारे घेतल्या की असे होते. आदल्या रात्रीचा अभ्यास टी-४ मध्ये उतरतो, टीएसएचच्या प्रगतिपुस्तकात सगळा महिना दिसतो.

प्रश्न : मला ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. पाळी चुकली असून घरी केलेली गरोदरपणाची चाचणी होकारार्थी आली. थायरॉइडसाठी घरी रक्त घेणाऱ्यांची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली आहे. चालेल का? (वय ३१, ठाणे)

उत्तर : दहा दिवस थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करा आणि रक्त उद्या-परवा जवळच्या लॅबमध्ये जाऊन द्या. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच जाते. त्यामुळे तुमच्यासारख्या रुग्णांची मात्रा गरोदरपण कळताच साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवतात. ती किती वाढवायची, हे डॉक्टर सांगतील. गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. त्यानंतर पाच महिने होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी लागते, आणि त्या फेऱ्यांसाठी घरी रक्त देण्याची सोय जरूर वापरावी. रिपोर्टवर छापलेली नेहमीची मर्यादा तुम्हाला लागू नाही. गरोदरपणात ती खाली सरकते, तेव्हा ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नये. लोह आणि कॅल्शियम सुरू होईल, तेव्हा वरच्या उत्तरातील चार तास पाळावेत.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्त गेले, चार पिशव्या रक्त द्यावे लागले. बाळाला अंगावर पाजायला दूधच आले नाही. आता वर्ष झाले, पाळी परत आलेली नाही, सतत थकवा आणि थंडी असते, अंगावरची लव कमी झाली आहे. घरी रक्त देऊन टीएसएच केले, ते २.१ आले. घरातले म्हणतात की रिपोर्ट चांगला आहे, मग हे सगळे मनाचे आहे. (वय २९, लातूर)

उत्तर : हे मनाचे नाही. हे पत्र घरातल्यांनाही वाचायला द्यावे.

टीएसएच थायरॉइड ग्रंथी तयार करत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून येते आणि थायरॉइडला काम करण्याचा हुकूम देते. थायरॉइड ढिली पडली की पीयूषिका हुकूम वाढवते, म्हणून टीएसएच चढते. आपण सगळे एरवी याच तर्काने रिपोर्ट वाचतो. पण हुकूम देणारीच आजारी असेल तर? मग टी-४ कमी होऊनही टीएसएच चढत नाही आणि कागदावर २.१ असा निर्दोष आकडा छापून येतो. गरोदरपणात पीयूषिका आकाराने वाढलेली असते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने तोकडा असतो. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर तिचा काही भाग मरतो. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दूध न येणे, पाळी न परतणे, लव गळणे, थंडी आणि थकवा अशी त्याची क्रमवार खूण असते. तुम्ही ती एकही शब्द न चुकता लिहिली आहे.

निदान मी पत्रातून करू शकत नाही, पण तुम्ही या आठवड्यातच संप्रेरकतज्ज्ञांकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायला हवे. फ्री टी-४, सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल (पीयूषिकेच्या हुकमावर अधिवृक्क ग्रंथी तयार करतात ते संप्रेरक) आणि पीयूषिकेची स्वतःची संप्रेरके तपासतात. गरज पडल्यास एमआरआय करतात. बाळंतपणाचे कागद सोबत न्यावेत. कॉर्टिसॉल पाहिल्याशिवाय कोणी थायरॉक्सिनची गोळी सुरू करून दिली, तर ती घेऊ नये, कारण कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन दिल्यास प्रकृती एकाएकी ढासळू शकते. उलट्या, चक्कर येऊन पडणे किंवा ताप येऊन ग्लानी, असे काही झाले तर वेळ ठरवत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आम्ही मासे खाणारी माणसे, मीठही आयोडीनचे. तरी घरात दोघींना थायरॉइडच्या गोळ्या आहेत. मला स्वतःला गळ्याच्या उजव्या बाजूला लहान गाठ लागते, पण घरी केलेला थायरॉइडचा रिपोर्ट पूर्ण चांगला आला. (वय ४८, म्हापसा)

उत्तर : आयोडीनच्या कमतरतेमुळे होणाऱ्या गलगंडासाठी आपल्याकडे १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि मिठाने त्यातले पुष्कळ काम केले. आता दिसणारा थायरॉइडदोष बहुतांशी वेगळ्या कारणाने होतो: शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते. त्याला मासे उपयोगी पडत नाहीत. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावलेला आढळला. तो बायकांमध्ये अधिक असतो आणि घराण्यात उतरतो.

गाठीचा प्रश्न मात्र रक्ताने सुटत नाही. रक्ततपासणी ग्रंथीचे काम मोजते, तिचा आकार नाही. गाठ असलेल्या बहुतेकांचे टीएसएच चांगलेच असते, आणि गाठ कर्करोगाची असली तरी ते चांगले असू शकते. बहुसंख्य गाठी साध्या निघतात, पण कोणती साधी, हे ठरवण्यासाठी गळ्याची सोनोग्राफी आणि जरूर पडल्यास बारीक सुईने पेशी काढून तपासणी लागते. आरशासमोर उभे राहून, हनुवटी थोडी वर करून पाण्याचा घोट घ्यावा. घोटाबरोबर गाठ वर सरकत असेल, तर ती बहुधा थायरॉइडची आहे. सरकली नाही तरी तपासणी टाळू नये. गाठ भराभर वाढत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा गिळताना अडखळत असेल, तर सोनोग्राफीसाठी पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये.